चौकातील रेषा आणि पॅरिसचे प्रदर्शन

ठाणे जिल्ह्यात बदलापूरनजीक बारवी नदीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे धरण आहे. 1972 मध्ये पूर्ण झालेल्या आणि पुढे उंची वाढविण्यात आलेल्या या धरणाचे पाणी उल्हास खोऱ्यातील शहरांना व कारखान्यांना मिळते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसविलेले उल्हासनगर, 1060 सालच्या शिवमंदिराचे अंबरनाथ, झपाट्याने वाढलेले बदलापूर आणि धरणाच्या वरच्या अंगाचे आदिवासी पाडे असे भिन्न समाज या एकाच खोऱ्यात राहतात. ते एकमेकांना कितपत ओळखतात, हा प्रश्न निराळा. शहरातील शाळेच्या वा कार्यालयाच्या भिंतीवर पांढऱ्या रेषांतील तारपा नाच हमखास आढळतो. तो कोणी रेखाटला, हे मात्र तेथे क्वचितच लिहिलेले असते.

नावाचा हा प्रश्न एकदा जागतिक व्यासपीठावर उपस्थित झाला होता, आणि त्या प्रसंगी जुन्या ठाणे जिल्ह्यातील एक वारली कलावंत तेथे सन्मानाने सहभागी होते.

1984 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आदिवासी वस्तू व आधुनिक पाश्चात्त्य चित्रशिल्पे शेजारी शेजारी मांडली. पाश्चात्त्य कलावंतांची नावे होती. आदिवासी वस्तूंचे कर्ते मात्र अनामिक राहिले. त्यावर बरीच टीका झाली. 1989 मध्ये पॅरिस येथील पोंपिदू केंद्र व ला व्हिलेत या दोन ठिकाणी ज्याँ-ह्यूबेर मार्तँ यांनी समकालीन कलेचे जे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन योजले, त्याचे शीर्षक ‘पृथ्वीवरील जादूगार’ अशा अर्थाचे होते. जगभरातील शंभराहून अधिक कलावंत त्यात होते. सुमारे निम्मे पाश्चात्त्य, निम्मे अन्य खंडांतील. प्रत्येकाचे काम त्याच्या स्वतःच्या नावाने मांडलेले. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांची चित्रे त्यांत होती.

हे प्रदर्शन निर्दोष होते असे नाही. ऑस्ट्रेलियातील युएंडुमु येथील आदिवासींनी जमिनीवर मातीचे चित्र घडविले, आणि त्याच्यामागील भिंतीवर इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांचे मातीचे प्रचंड वर्तुळ होते. समतेच्या नावाखालीही एक वर व दुसरा खाली राहतो, असे टीकाकारांनी म्हटले. त्यात तथ्य होते. तथापि समकालीन कलावंत कोणाला म्हणावे, हा वाद त्यानंतर टाळता येईनासा झाला. 2003 मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे लाँग व मशे यांचे संयुक्त प्रदर्शन भरले. या वेळी दोन्ही नावे बरोबरीने होती.

मशे यांची वाटचाल आपल्याकडील भेदांवरही प्रकाश टाकते. वारली समाजात लग्नप्रसंगी शेणाने सारवलेल्या व गेरू लावलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे. चौकात पालघाट देवीची प्रतिष्ठा होते. धवलेरी गीते म्हणते. पुरुषाने हातात काडी घेण्याची रीत नव्हती. 1970 च्या दशकाच्या आरंभी हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले व त्यांनी चित्रांसाठी कागद दिला. त्या वेळी विधीबाहेर, केवळ आनंदासाठी चित्रे काढणारे मशे पुढे आले. मासेमारीचे जाळे, भातशेती, मुंग्यांचे वारूळ असे विषय त्यांनी हाताळले. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. मात्र ज्या सवाशिणींनी ही रेषा पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांपैकी फारच थोड्यांची नावे बाहेरच्या जगाला ठाऊक झाली. कागदाबरोबर बाजार आला आणि बाजारात प्रामुख्याने पुरुष गेले, ही वस्तुस्थिती नोंदविणे आवश्यक आहे.

गंजाडच्या शाळेच्या भिंतींवर पुढे जपानी कलावंतांनीही गावकऱ्यांच्या सहवासात राहून चित्रे रंगविली. परदेशी पाहुणा गावात येऊन काम करतो, तेव्हा मुलांना चित्रकार डोळ्यांसमोर दिसतो. पाठ्यपुस्तकातील छापील नक्षीला ही जोड मिळत नाही.

आता शाळा व ग्रामपंचायतींच्या उपयोगाचे. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे ‘वारली’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मालावर काही नियंत्रण आले. परंतु विशिष्ट चित्र कोणाचे, हा प्रश्न मानांकनाने सुटत नाही. तेथे कॉपीराइट कायदा, 1957 लागू होतो. पारंपरिक आकृत्यांवर कोणा एकाची मालकी नसली तरी कलावंताने स्वतः रचलेले चित्र त्याचे असते, आणि कलम 57 अन्वये चित्राचा कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा त्याचा हक्क चित्र विकल्यानंतरही राहतो.

तेव्हा शाळेची किंवा पंचायतीची भिंत रंगवावयाची असेल, तर ठरावात तीन बाबी नोंदवाव्यात: कलावंताचे नाव व पाडा, मानधनाची रक्कम, आणि चित्राखाली नाव लिहिण्याची जागा. पत्नी वा आई कामात सहभागी असल्यास त्यांचीही नावे ठरावात यावीत व मानधन त्यांच्या हाती पडावे. बारवीच्या आसपासच्या पाड्यांत प्रत्येक घरी वारली चित्रे निघत नाहीत. तेथे ठाकूर व कातकरी कुटुंबेही आहेत आणि त्यांच्या रीती निराळ्या आहेत. आदिवासी म्हटले की वारली, असे गृहीत धरून त्यांच्या भिंतीवर तारपा काढण्यापूर्वी त्यांना विचारावे. कदाचित त्यांना दुसरेच काही काढावयाचे असेल.