निळ्या मकावचा जीव मंडुवीच्या ढोलीत

चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे एक मीटर लांबी, अंगभर गर्द निळी पिसे आणि डोळ्यांभोवती पिवळे कडे. उडू शकणाऱ्या पोपटांमध्ये सर्वांत लांब असलेल्या हायसिंथ मकावचे हे रूप. ब्राझील, बोलिव्हिया आणि पॅराग्वे या देशांत पसरलेला पँटॅनाल हा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश म्हणजे त्याचे प्रमुख वसतिस्थान.

या पक्ष्याच्या गरजा मोजक्याच, पण काटेकोर आहेत. पँटॅनालमध्ये त्याचा आहार मुख्यतः अकुरी आणि बोकायुवा या दोन ताडवर्गीय वृक्षांच्या फळांतील गरावर चालतो. त्यांची दगडासारखी कवचे तो आपल्या बळकट चोचीने सहज फोडतो. गुरांनी अकुरीची फळे खाल्ल्यावर मागे राहिलेल्या बियाही तो वेचतो.

घरट्याची निवड त्याहून चोखंदळ. दहापैकी नऊ घरटी मंडुवी या एकाच वृक्षाच्या ढोलीत असतात. महाराष्ट्रातील पानझडी जंगलांत दिसणारा कांडोळ याच 'स्टरक्युलिया' प्रजातीतील. मंडुवीचे लाकूड मऊ असल्याने मूळची लहान ढोली चोचीने कोरून मोठी करता येते. मात्र मकाव मावेल एवढी ढोली तयार होण्यास झाडाचे वय साठीच्या घरात जावे लागते. मादी बहुधा दोन अंडी घालते. त्यांतून बऱ्याचदा एकच पिल्लू जगते.

येथेच निसर्गाचा एक पेच आहे. धनेशासारखी मोठी चोच असलेला टोको टूकन मकावची अंडी पळवतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार शत्रूंनी फस्त केलेल्या अंड्यांपैकी ५३ टक्के अंडी टूकनच्या पोटात गेली होती. परंतु मंडुवीच्या ८३ टक्के बियांचा प्रसारही तोच करीत होता. म्हणजे टूकन हटवला तर आज अंडी वाचतील, पण उद्या घरट्यांसाठी झाडेच उरणार नाहीत.

१९८० च्या दशकात पिंजऱ्यातील पक्ष्यांच्या व्यापाराने या पोपटाची संख्या झपाट्याने घटली. १९८७ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. १९९० पासून जीवशास्त्रज्ञ नेव्हा गेडेस यांनी पँटॅनालमध्ये घरट्यांचे रक्षण आणि कृत्रिम घरट्यांचे काम उभे केले. संख्या सावरली आणि २०१४ मध्ये जागतिक यादीत या पक्ष्याचा दर्जा 'संकटग्रस्त'वरून 'असुरक्षित' असा सौम्य झाला.

तथापि, २०२० च्या वणव्यांत पँटॅनालचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग होरपळला. लाकडी पेट्या टांगून काही हंगाम निभावता येतात. जळालेल्या मंडुवीची जागा घेणारे रोप मात्र वणव्यांपासून आणि चरणाऱ्या गुरांपासून साठ वर्षे जपावे लागेल.