रंग उडालेले टोमॅटो

पाकिटावर चित्र होतं पांढऱ्या टोमॅटोचं आणि कुंडीत लागले ते लालभडक. पुण्यातल्या आमच्या गच्चीवरची ही पहिल्या वर्षीची कमाई. ऑनलाइन मागवलेल्या दहा बियांपैकी सहा उगवल्या, साडेतीन महिने त्यांची उस्तवार केली आणि सहाही झाडांनी मंडईत ढिगाने मिळतो तोच माल दिला. विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "सर, अजून थोडे दिवस थांबा, पांढरे होतील." लाल झालेला टोमॅटो पुढे पांढरा होत नाही, एवढं मलाही कळत होतं. त्या रागातच मी टोमॅटोच्या रंगामागे लागलो.

सुरुवात स्वयंपाकघरातूनच झाली. सारासाठी टोमॅटो उकडले की आई साली सोलून ताटलीच्या कडेला ठेवते. त्यातली एक उचलून खिडकीपाशी उजेडात धरली. ती लाल नव्हतीच. पतंगाच्या कागदासारखी पातळ, आरपार दिसणारी आणि चक्क पिवळी! इतकी वर्षं घरात सार होतंय, पण साल कधी उजेडात धरून पाहिली नव्हती.

आपण ज्याला लाल टोमॅटो म्हणतो तो म्हणजे लाल गरावर चढवलेली पिवळी साल. गराचा लाल रंग लायकोपीनचा. सालीचा पिवळा रंग नॅरिंजेनिन चाल्कोन या द्रव्याचा. दोन्हींची सूत्रं हलवणारी जनुकं वेगळी, अगदी वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची. गर लाल आणि साल बिनरंगी असली की फळ गुलाबी दिसतं. गर पिवळा आणि साल पिवळी, तर हळदीचा रंग. आणि गरात लायकोपीन नाही, सालीतही पिवळेपणा नाही, असं झालं की उरतो तो फिकुटलेला, थिजलेल्या तुपाच्या रंगाचा टोमॅटो. इंग्रजीत त्याला पांढरा म्हणतात. दुधासारखा पांढरा तो कधीच नसतो. हस्तिदंती म्हणावं, फार तर ताकाच्या रंगाचा. उन्हात उघडा पडलेला जास्त पिवळसर होतो, पानांच्या सावलीतला जास्त गोरा राहतो.

गरातला लाल रंग कुठे अडतो, हे १९९३ मध्ये रूपर्ट फ्रे आणि डॉन ग्रियर्सन यांनी इंग्लंडमध्ये उलगडलं. लायकोपीन बनवण्याच्या साखळीत अगदी सुरुवातीला फायटोईन सिंथेस नावाचं एक विकर लागतं. पिवळ्या गराच्या जातींत त्याचं जनुक बिघडलेलं असतं. पहिलाच कारागीर कामावर आला नाही की पुढची सगळी पंगत बसून राहते. हा बिघाड अप्रभावी प्रकारातला, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा. त्यामुळे पांढऱ्या जातीच्या फुलात एखाद्या भुंग्याने लाल जातीचा पराग आणून सोडला, तर त्या बीची पहिली पिढी लालच निघते. माझ्या पाकिटात असंच संकरित बी होतं की थेट मंडईतल्या टोमॅटोचं, ते मात्र विक्रेत्यालाच ठाऊक.

युरोपात टोमॅटो नोंदला गेला तोच मुळी पिवळा म्हणून. १५४४ मध्ये इटलीतल्या मत्तिओली या वैद्याने पिकल्यावर सोनेरी होणाऱ्या फळाचं वर्णन केलं आणि पुढे त्याला सोन्याचं सफरचंद हे नाव पडलं. इटालियन लोक लाल टोमॅटोलाही आजतागायत 'पोमोदोरो'च म्हणतात. आपल्याकडे वऱ्हाडात भेदरं म्हणतात. त्या नावात रंगाची भानगड नाही.

फिकट जातींचे खरे शौकीन अमेरिकेत. परसातल्या जुन्या वाणांचं बी एकमेकांना देत जपायचं, या कामासाठी आयोवा राज्यातल्या डेकोरा गावी 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' ही संस्था आहे. तिचा आरंभ १९७५ चा. त्या मंडळींच्या यादीतली नावंही मजेशीर आहेत. 'ग्रेट व्हाइट' हा अर्धा किलोपर्यंत भरणारा, कमी बियांचा. 'वॅप्सिपिनिकन पीच' हे नाव आयोवातल्या एका नदीवरून आलं. सालीवर पीचसारखी मऊ लव असते आणि २००६ साली संस्थेच्या चवस्पर्धेत तोच पहिला आला होता. 'डॉ. कॅरोलिन' हा चेरी टोमॅटो कॅरोलिन मेल या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या नावाचा. जुन्या वाणांवरचं त्यांचं १९९९ चं पुस्तक बागवाल्यांत प्रमाण मानलं जातं. अशा जातींचं बी परदेशातून परस्पर खिशात घालून आणू नये. परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो नियम रोगांच्या भीतीनेच केलेला आहे.

मला दुसऱ्या वर्षी बी मिळालं ते गच्चीबाग करणाऱ्या एका मैत्रिणीकडून, तिने स्वतः धरलेलं. जात 'स्नो व्हाइट', चेरी टोमॅटोची. गणपतीत पेरलं, महिन्याने रोपं मोठ्या कुंड्यांत हलवली. माती, कोकोपीट, गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. बांबूला सुतळीने बांधलं, बगलफूट खुडत राहिलो. सकाळी दहाच्या सुमाराला फुलांचे घोस टिचकीने हलवायचे, म्हणजे पराग झडतो आणि फळ धरतं. मध्ये चार दिवस गावाला गेलो, परत येऊन पश्चात्तापाने बादलीभर पाणी ओतलं, तर पुढच्या फळांची बुडं काळी पडली. पाणी कमी-जास्त झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, त्याचा हा परिणाम.

खरी पंचाईत तोडणीची. लाल टोमॅटो आपला आपण सांगतो. हा कच्चा असताना हिरवट पांढरा, पिकल्यावर पिवळट पांढरा. डोळ्यांवर विसंबून तोडलेले पहिले दहा-बारा आंबटढाण निघाले. मग बोटांनी दाबून पाहायला लागलो. टोकाकडे किंचित मऊ लागला की तोडायचा.

चवीचा निकाल लावायला रविवारी घरातल्यांच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. तीन वाट्या: गच्चीवरचा पांढरा, गच्चीवरचा लाल चेरी आणि मंडईतला. लाल चेरीचा तुकडा ओठांशी नेताच बायकोने नुसत्या वासावरून ओळखला. पांढरा खाऊन मुलगी म्हणाली, "हा टोमॅटो नाहीच आहे, काहीतरी फळ आहे." आईने तोच पांढरा पुन्हा मागितला. "द्राक्षासारखं आहे रे," म्हणाली. ओढणी सोडल्यावर तिसऱ्यांदा तोच तुकडा दिला, तेव्हा मात्र तोंड वाकडं करून म्हणाली, "जरा पाणचटच आहे."

यात आईचा लहरीपणा किती आणि टोमॅटोचा दोष किती? मुलीचं बरोबर होतं. टोमॅटोचा जो ओळखीचा वास, त्याचा काही भाग लायकोपीन तुटूनच तयार होतो. जेरॅनिअल हा त्यातलाच एक तुकडा. गवती चहाच्या वासाचाही तो मुख्य घटक आहे. रंगद्रव्य आणि सुवास यांची ही साखळी इस्रायलमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये टोमॅटो आणि कलिंगडात दाखवून दिली. म्हणजे लाल रंग गेला की केवळ रंग जात नाही, वासातला एक सूरही जातो. फ्लोरिडा विद्यापीठात हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: साखर तेवढीच असली तरी काही सुवासिक द्रव्यांमुळे टोमॅटो जास्त गोड लागतो. नाक बंद झालं की जीभ गडबडते, हे सर्दी झालेल्या कुणालाही विचारावं.

पांढऱ्या-पिवळ्या टोमॅटोत आम्ल कमी असतं, पित्तवाल्यांनी बिनधास्त खावेत, असं बागवाले हमखास सांगतात. ते खरं नाही. रंगावरून आम्ल ठरत नाही. आंबटपणा तेवढाच असूनही साखरेखाली झाकला जातो.

उलट लालही इथे कायम लाल राहत नाही. पारा तिशीच्या बराच वर गेला की फळात लायकोपीन बनणं मंदावतं. मे महिन्यात गच्चीवरचा टोमॅटो पिकूनही नारिंगीच राहतो, तो यामुळे.

आमच्याकडच्या पांढऱ्यांची कोशिंबीर फसली. दह्यात फोडी दिसेचनात. पाहुण्यांनी नुसतं दही समजून बाजूला सारली. सार मात्र सुरेख झालं, नारळाच्या दुधातलं, जिऱ्याच्या फोडणीचं. आईने चाखून मान डोलावली, मीठ बघितलं आणि पाहुण्यांच्या वाट्या भरण्याआधी पातेल्यात बिटाची एक फोड टाकली.