पडद्यावरील अक्षर व आमचा चष्मा

संगणकावरील अक्षर अस्पष्ट दिसूं लागलें कीं, आमच्या वयाचा मनुष्य प्रथम आपल्या डोळ्यांस दोष देतो. आम्हींही तसेंच केलें. नवा चष्मादेखील करविला. दोष निघाला पडद्याच्या मांडणींत.

आम्ही देवपुरांत राहणारे. पांझरेपलीकडे धुळ्यांत राजवाडे संशोधन मंडळ व समर्थ वाग्देवता मंदिर अशीं दोन स्थानें असल्यावर पोथ्यांचा नाद न लागेल तरच नवल! एका जुन्या पोथीचीं छायाचित्रें आम्ही घरीं पडद्यावर वाचीत होतों. अक्षर मोठें दिसावें म्हणून घरांतील तरुण मंडळींनीं पडद्याचें रिझोल्यूशन, म्हणजे बिंदूंची मांडणी, उतरवून १२८० × ७२० केलें. अक्षर मोठें झालें खरें, पण त्याच्या कडा विरघळल्या. 'घन'चें 'धन' झालें, आणि मेघांच्या वर्णनांत आम्ही द्रव्य शोधीत बसलों!

याचें कारण असें. पूर्वींच्या पेटीसारख्या पडद्यांस ही मांडणी बदललेली चालत असे. हल्लींच्या चपट्या पडद्यांत मात्र बिंदु कारखान्यांतच कायमचे बसविलेले असतात. आमच्या पडद्यावर ते आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० आहेत. त्यावर १२८० × ७२० चें चित्र पसरलें कीं, चित्रांतील एका बिंदूस पडद्यावरील दीड बिंदूची जागा भरावी लागते. अर्धा बिंदु उजळतां येत नाहीं. म्हणून यंत्र शेजारच्या छटा एकमेकींत मिसळून वेळ निभावून नेतें. इंग्रजी अक्षर हा प्रकार पुष्कळ सोसतें. आपल्या लिपींत शिरोरेघेवर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालीं उकार. 'द्ध' व 'द्य' यांतील भेद तर चारदोन बिंदूंवर अवलंबून!

तेव्हां पडद्याचें मूळ रिझोल्यूशन कधींही उतरवूं नये. विंडोजच्या यादींत त्यापुढें शिफारशीची खूण असते. अक्षर मोठें हवें असल्यास तेथेंच 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करावें; मग प्रत्येक अक्षराच्या वाट्यास अधिक बिंदु येतात. पोथीचें छायाचित्र असेल तर तें जेथें उघडलें तेथेंच मोठें करून पाहावें.

नवा पडदा घेतांना दुकानदार इंच सांगतो. आपण बिंदु विचारावे. १९२० × १०८० चा पडदा २४ इंची असल्यास इंचास सुमारें ९२ बिंदु पडतात, २७ इंची असल्यास ८२ च. २४ इंचांत ३८४० × २१६० मिळाल्यास १८४ पडतात. पोथी वाचणारानें शक्य तर तोच घ्यावा.

आमच्या घरीं आतां प्रत्येकाचें खातें निराळें आहे. मुलांच्या खात्यांत अक्षर बारीक, आमच्यांत दीडपट. वाचन जुन्याच चष्म्यानें चालतें.