अम्मी एक रात्र मेहमान झाली

आमच्या परतूरहून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जायची कारणे दोनच. लग्न नाहीतर दवाखाना. लग्न असेल तर सकाळच्या गाडीने जायचे, वलीम्याचे जेवण करायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. दवाखाना असेल तर मुक्काम पडतो.

अम्मीचे असे तीन मुक्काम झाले होते. एकदा दादांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला, एकदा भाईचा हात मोडला तेव्हा, आणि शेवटी अब्बांची किडनी निकामी झाली तेव्हा. तो शेवटचा मुक्काम एकोणीस रात्रींचा होता. जेवणाचा डबा खालाच्या घरून यायचा, पण रात्री अम्मी पेशंटच्या पलंगाजवळ चटईवर पडून असायची. सलाईन संपले की नर्सला हाक मारायची, पुन्हा पडायची.

मागच्या वर्षी घरात बायका गप्पा मारत बसल्या होत्या. कुणीतरी शहराचा विषय काढला. अम्मी भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, "औरंगाबादेत मी दवाखान्याशिवाय कुठे झोपलेच नाही." कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. माझ्या मात्र मनात ते वाक्य राहिले.

मी परतूरातच दिलेली. घरी शिवणकाम करते. आमच्या गल्लीतल्या दहा जणींची भिशी आहे, महिन्याला हजार रुपये. माझा नंबर नोव्हेंबरात लागला आणि दहा हजार रुपये हातात आले. मी मियाँना सांगितले की या पैशात अम्मीला औरंगाबादच्या एका मोठ्या हॉटेलात एक रात्र ठेवायचे आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुझी कमाई आहे, तुझी अम्मी आहे. जा."

तीन आक्षेप

अडचण अम्मीकडूनच आली. "बेटा, एका रात्रीचे इत्ते पैसे कायकू? महिन्याचा किराणा येतो त्यात." हा पहिला आक्षेप. दुसरा होता खालाचा. खाला तीन वर्षांपासून मुलाकडे रोशनगेटला राहते. "बहिणीचे घर असताना तू हॉटेलात झोपणार? लोक काय म्हणतील?" तिसरा आक्षेप अम्मीने दोन दिवसांनी हळूच सांगितला. "मी बुरख्यात, पायात असली चप्पल. तिथे आत घेतील का आपल्याला?"

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मी आधी स्वतःला दिले. उधळपट्टी आपल्या दीनमध्ये निषिद्ध आहे यात शंका नाही. पण सूरह फुरकानच्या 67व्या आयतीत खर्चाचा जो मार्ग सांगितला आहे, तो उधळपट्टी आणि कंजूषी या दोहोंच्या मधला आहे. मी कर्ज काढत नव्हते, मुलांची फी थकवत नव्हते, कुणाला दाखवायलाही जात नव्हते. सूरह बनी इस्राईलमध्ये तर अल्लाहच्या इबादतीच्या हुकुमाला लागूनच आई-वडिलांशी भलाईचा हुकूम आला आहे. आपण ही भलाई बहुतेक वेळा औषधे, कपडे आणि ईदच्या पैशांत मोजतो. तिला आराम दिला का, हा प्रश्न मागे राहतो.

खालाचे म्हणणे मात्र चुकीचे नव्हते. तिचे मन दुखावून मिळालेली रात्र अम्मीला गोड लागली नसती. म्हणून ठरवले की रविवारचे दुपारचे जेवण खालाकडेच करायचे आणि हॉटेलची गोष्ट तिला आपणच आधी सांगायची, दुसऱ्याकडून कळू द्यायची नाही. फोनवर मी एवढेच म्हणाले, "खाला, तुमच्या घरी आली की अम्मी उठून भांडी घासायला बसते. तुम्हीच सांगा, तिला एक दिवस तरी बसवायचे कसे?" खाला हसली. तिलाही बहिणीचा स्वभाव माहीत आहे.

तिसऱ्या आक्षेपावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मलाही तीच भीती होती.

पोर्चमध्ये

डिसेंबरातल्या एका शनिवारी निघालो. मेहरम म्हणून छोटा भाई बरोबर होता. रात्री तो खालाकडे जाणार होता. रांजणी, जालना, बदनापूर अशी स्टेशने मागे पडत गेली. अम्मीने डब्यात चपात्या आणि अंड्याची भुर्जी घेतली होती. ती आम्ही जालन्याच्या पुढे खाल्ली.

रिक्षा हॉटेलच्या पोर्चमध्ये थांबली तेव्हा अम्मीने माझा हात घट्ट धरला. दारावर बॅगा मशीनमधून तपासल्या. प्रत्येकाच्याच तपासत होते, हे मी अम्मीला दाखवले. उंच फेटा बांधलेल्या दरवानाने दार उघडले आणि मान झुकवून म्हणाला, "या, माँजी." काउंटरवरच्या मुलीने आधारकार्डे घेतली आणि अम्मीला बसायला सांगून पाणी आणवले. कुणी वळून पाहिले नाही, कुणी काही विचारले नाही. लिफ्टमध्ये अम्मी हळूच म्हणाली, "मी उगीच घाबरले."

खोलीत ती पाच मिनिटे उभीच होती. मग चादर हाताने चापून पाहिली, खिडकीचा पडदा सरकवून खालची बाग पाहिली. बाथरूममध्ये गेली आणि बेसिन आधीच स्वच्छ असूनही कोपऱ्याने पुसून आली. मी काही बोलले नाही. सवय एका दुपारीत जात नाही.

आईसाठी बांधलेली वास्तू

असरनंतर "काय पाहायचे?" असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "बीबीचा मकबरा. दवाखान्यात एकोणीस दिवस होते, पण मकबरा पाहिला नाही."

दिलरस बानू बेगम ही औरंगजेबाची बेगम. तिचे निधन 1657 साली झाले. मकबरा तिचा मुलगा शहजादा आझम शाह याने आईच्या आठवणीत बांधला, असे सांगितले जाते. बांधकाम 1661च्या सुमारास पुरे झाले. दारावरील नोंदीत वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपतराय यांची नावे आहेत. जुन्या नोंदींनुसार खर्च 6,68,203 रुपये आला. कबर खालच्या पातळीवर आहे, भोवती संगमरवरी अष्टकोनी जाळी. लोक वरून वाकून पाहतात. अम्मीने तिथे उभे राहून फातेहा वाचली.

परत येताना मी तिला सांगितले की आई गेली तेव्हा आझम जेमतेम चार वर्षांचा होता. अम्मी थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे बिचाऱ्याला आईचे काही करताच आले नाही." मकबऱ्याची एवढी वर्णने वाचली होती, पण त्याच्याकडे असे कधी पाहिले नव्हते.

रात्र

जेवण खोलीतच मागवले. खालच्या हॉलमध्ये दारूही दिली जाते, हे आधी विचारून ठेवले होते. शेजारच्या टेबलावर ग्लास आले असते तर अम्मीच्या घशाखाली घास उतरला नसता. मांस हलाल आहे का, याचे पक्के उत्तर न मिळाल्याने आम्ही दाल, भाजी, फुलके आणि दही घेतले. दालीची किंमत मी तिला सांगितली नाही. तिनेही शहाण्यासारखी विचारली नाही. चहा मात्र खोलीतच केला. किटली, चहापत्तीच्या पुड्या आणि साखर ठेवलेली असते आणि तिचे वेगळे पैसे लागत नाहीत, हे कळल्यावर तिला जो आनंद झाला तो गादीनेही झाला नव्हता.

इशानंतर मी तिच्या डोक्याला तेल लावले. कितीतरी वर्षांनी. घरी ती बसतच नाही. दिवा मंद करून पडलो, आणि ती बोलायला लागली. अब्बांच्या शेवटच्या दिवसांबद्दल ती आजवर आमच्यासमोर कधी बोलली नव्हती. म्हणाली, "एका रात्री दवाखान्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे दिवे दिसत होते. तुझे अब्बा म्हणाले, तिथे लोक पैसे देऊन झोपायला जातात, आणि आपल्याला इथे पैसे देऊनही झोप नाही. मग दोघे हसलो. त्या एकोणीस दिवसांत तेवढेच एकदा हसलो."

मी काय बोलणार? ती पुढे म्हणाली, "मला वाटले होते या शहरात पुन्हा रात्र काढायची वेळ येऊ नये. आता वाटते, आलीच तर अशी यावी."

मग ती झोपली. फजरला माझ्या मोबाईलचा अलार्म वाजला तरी ती जागी झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी अम्मीला झोपलेली पाहत होते. आम्ही उठायच्या आधी ती उठलेली आणि आम्ही झोपल्यावर ती झोपणारी. तोंड किंचित उघडे, एक हात उशीखाली. तिला उठवू नये असे फार वाटले. पण नमाज चुकली असती तर तिने मलाच बोल लावला असता. खांद्याला हात लावला. ती दचकून उठली आणि पहिला शब्द बोलली, "सलाईन?" मग इकडेतिकडे पाहिले, आणि हसली.

नेण्याआधी विचारायच्या गोष्टी

आई-वडिलांना असे घेऊन जायचे कुणाच्या मनात असेल, तर आमच्या अनुभवावरून काही गोष्टी सांगते.

खोली घेताना फोनवरच सांगा की बरोबर वयस्कर माणूस आहे. लिफ्टजवळची खोली, दोन वेगळे पलंग आणि बाथटब नसलेले न्हाणीघर मागा. टबाच्या काठावरून पाय टाकताना म्हातारी माणसे घसरतात. वजू करताना बेसिनमध्ये पाय धुवायला वर उचलणे त्यांना जमत नाही. हाताने धरायचा शॉवर आणि एक स्टूल असले की काम भागते. बाहेर पाणी सांडले तर लगेच पुसून घ्या.

किब्ला आपल्या भागात पश्चिमेला, जरा उत्तरेकडे झुकलेला आहे. काउंटरवर पश्चिम कोणती ते विचारले की पुरे. जानमाज घरूनच न्या. गुडघे दुखत असतील तर खोलीतली पाठीची सरळ खुर्ची चालते. खोलीतल्या छोट्या फ्रीजमध्ये दारू ठेवलेली असेल तर ती आधीच काढून न्यायला सांगा. त्यात संकोच कसला?

नमाजबद्दल एक गोष्ट. हनफी मतानुसार साधारण 77-78 किलोमीटरच्या पुढच्या प्रवासात, पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाचा इरादा असेल तर माणूस मुसाफिर ठरतो. परतूर ते औरंगाबाद हे अंतर त्याहून जास्त आहे. त्यामुळे जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिब तेवढेच राहतात. शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारून निघा.

पैशांचेही आधीच स्पष्ट करून घ्या. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर सध्या 5 टक्के जीएसटी लागतो, त्यावरच्या खोलीवर 18 टक्के. 22 सप्टेंबर 2025च्या आधी पहिला दर 12 टक्के होता. आमच्या खोलीचे भाडे 6,500 होते, करासह 6,825 झाले, आणि सकाळचा नाश्ता त्यातच होता. खोली बहुधा दुपारी दोनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराच्या सुमारास सोडावी लागते. गाडी त्या हिशेबाने धरा, नाहीतर म्हातारे माणूस सामान घेऊन ताटकळत बसते. प्रत्येकाचे आधारकार्ड बरोबर हवे. मधुमेह असेल तर औषधांबरोबर थोडा खाऊही ठेवा, कारण खोलीत जेवण यायला वेळ लागतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्याला काय दाखवायचे आहे त्यापेक्षा त्यांना काय हवे आहे ते विचारा. मी मनात मॉल ठरवला होता. अम्मीला मकबरा हवा होता आणि बोलायला एक रात्र हवी होती. ज्यांना हॉटेल जमणार नाही त्यांनी मन छोटे करू नये. बहिणीच्या घरी, मुलीच्या घरी, कुठेही एक दिवस असा काढता येतो. अट एकच. त्या दिवशी अम्मीने किंवा अब्बांनी मेहमान असावे, आणि उठून कामाला लागले तर कुणीतरी प्रेमाने त्यांच्या हातातले भांडे काढून घ्यावे.

रविवारी खालाकडे बिर्याणी झाली. अम्मीने हॉटेलच्या गादीचे, दिव्यांचे काहीच सांगितले नाही. म्हणाली, "आपा, रात्रभर मला कुणी उठवले नाही." खाला गप्प बसली. तिच्याही अशा रात्री असतीलच.

परतूरला आल्यावर आठ दिवसांनी अम्मी माझ्याकडे आली. पदराच्या गाठीतून हजार रुपये काढून शिलाई मशीनवर ठेवले. "तुमच्या भिशीत मलाही घ्या," ती म्हणाली. "माझा नंबर लागला की आपाला नेऊ."