केबल सैल, ट्रे सुरक्षित

वीजकेंद्रात मान वर केली, की छताला टांगलेल्या पत्र्याच्या केबल ट्रे दिसतात. भूकंपात इमारत तगली, पण या ट्रे कोसळल्या, तर पंप आणि नियंत्रण कक्ष दोन्ही ठप्प. अणुवीज केंद्रात अणुभट्टी थंड ठेवणारी यंत्रणाही याच केबलवर चालते. म्हणून ट्रे आणि त्यांचे आधार ‘शेक टेबल’वर, म्हणजे भूकंपासारखे हादरे देणाऱ्या मंचावर तपासतात.

कित्येक मजल्यांवर पसरलेले हे जाळे मंचावर मावत नाही. मग छोटी प्रतिकृती करावी लागते, पण नुसती मापे घटवून भागत नाही. समजा, पोलाद तेच ठेवून प्रत्येक माप एक-चतुर्थांश केले. आधाराच्या दांड्याचा छेद १/१६ होतो, वजन मात्र १/६४. दांड्यावरचा ताण चौथा हिस्साच उरतो आणि प्रतिकृती उगाच भक्कम ठरते. गुरुत्वाकर्षण तर आपल्या हाती नाही! म्हणून जादा वजने लावून एकूण भार चौपट करतात. काळाचे मापही निम्मे होते : ४० सेकंदांचा भूकंप २० सेकंदांत उरकावा लागतो.

एवढे करूनही एक गोष्ट हुलकावणी देते, ती म्हणजे घर्षण. ट्रेमधल्या केबल हादऱ्यांबरोबर सरकतात, उसळतात, एकमेकींवर घासतात. त्यात कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन खर्ची पडते. केबलचा हा गोंधळ लहान मापात जसाच्या तसा उतरवणे फार अवघड.

म्हणून १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बेक्टेल आणि अँको या कंपन्यांनी पूर्ण आकाराच्या ट्रेवर दोन हजारांहून अधिक चाचण्या घेतल्या. हादरे जितके जोरदार, तितके केबल भरलेल्या ट्रेचे कंपनशमन, म्हणजे डोलणे विझवण्याची क्षमता, वाढत गेले. जोरदार हादऱ्यांत ते डोलणे पुरते रोखणाऱ्या शमनाच्या २० टक्क्यांपर्यंत पोचले. वेल्डिंग केलेल्या पोलादी सांगाड्यासाठी अभियंते जेमतेम चार टक्के धरतात. इतके शमन असताना आधारांना तिरके टेकू देऊन ते ताठ करण्याचा खर्च अनेक ठिकाणी अनावश्यक होता, हे त्यातून उमगले.

प्रतिकृती ताण आणि वारंवारता नेमकी सांगते. शमनाचा आकडा मात्र खऱ्या केबलकडूनच घ्यावा लागतो. अमेरिकी अणुनियामक आयोगाच्या २००७च्या मार्गदर्शिकेत केबलने पूर्ण भरलेल्या ट्रेला मोठ्या भूकंपासाठी १० टक्के शमन मान्य आहे. त्याच केबलवर आगरोधक लेप फवारून त्या जखडल्या, की ही सवलत सात टक्क्यांवर येते.