फॉलोअर लाखांत, पण बास्केट?

अमेरिकेत दर मार्चमध्ये कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा रंगते. संघ ६८, आणि हरला की थेट घरी. प्राथमिक फेरी सोडली तरी ६३ सामने उरतात; त्यांच्या निकालांच्या शक्यता ९ वर १८ शून्ये यांहूनही जास्त. मग भाकीतवाले मिळेल तो आकडा हाताशी धरतात, अगदी प्रशिक्षकाचे ट्विटरवरचे (आताच्या एक्सवरचे) फॉलोअरसुद्धा!

गंमत म्हणजे हा आकडा अगदीच पोकळ नाही. केंटकी विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांचे फॉलोअर दहा लाखांवर होते आणि २०१२चं विजेतेपदही त्यांच्या नावावर आहे. पण कार्यकारणाचा बाण उलटा आहे. विद्यापीठ नावाजलेलं, सतत जिंकणारं. म्हणून चाहते, म्हणून फॉलोअर. तेच नाव उत्तम खेळाडूही खेचून आणतं. म्हणजे फॉलोअर मोजताना आपण जुनं यशच पुन्हा मोजतो, आणि ते तर संघाच्या मानांकनात आधीच धरलेलं असतं.

एका सामन्यापुरतं मानांकनही कोलमडतं म्हणा. २०२२मध्ये जर्सी सिटीच्या चिमुकल्या सेंट पीटर्स विद्यापीठाने, पंधरावं मानांकन असताना, दुसऱ्या मानांकित केंटकीला पहिल्याच फेरीत जादा वेळेत ८५-७९ असं गारद केलं. केंटकीचे प्रशिक्षक तेव्हाही कॅलिपारीच होते.