जलविद्युत् धरणांतील वायूची आणेवारी

धरणाचें पाणी उन्हाळ्यांत मागें हटलें म्हणजे कांठची जी जमीन उघडी पडते तिला आपण गाळपेर म्हणतों. एका तालुक्याच्या कचेरींत कारकून असतांना या गाळपेर जमिनीच्या वहिवाटीचे तंटे मीं पुष्कळ वर्षें पाहिले. त्या निमित्तानें जलाशयाच्या कांठीं उभें राहण्याचा प्रसंग वारंवार येई. पावसाळ्यांत पाणी पुन्हां चढूं लागलें कीं आंखलेल्या हद्दी, राहिलेलीं धसकटें, हिरवें गवत, सर्व कांहीं त्याखालीं जाई. आणि थोड्याच दिवसांनीं त्या उथळ पाण्यांतून बारीक बुडबुडे वर येतांना दिसत. नावाडी म्हणे, खालीं मासा आहे. मीही तेंच खरें धरून चाललों होतों. ते बुडबुडे माशाचे नव्हते, हें सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली तेव्हां कळलें. आणि त्यांचा हिशेब कसा करावा यावरून विद्वानांत किती मोठा तंटा माजला, हेंही कळलें. तो गाळपेरीच्या तंट्याहून कमी चुरशीचा नाहीं.

जलविद्युत् ही धुरावांचून होणारी वीज, असें आपण शाळेपासून ऐकत आलों आहों. कोळसा जाळावा लागत नाहीं, चिमणी नाहीं, राख नाहीं. ही गोष्ट खरी आहे. परंतु पाण्याखालीं बुडालेलें अरण्य, गवत, पालापाचोळा आणि मातींतील सेंद्रिय अंश यांचें पुढें काय होतें, हा प्रश्न फार दिवस कोणी विचारला नव्हता. कॅनडांतील कांहीं शास्त्रज्ञांनीं १९९३ सालीं तो उघडपणें मांडला. ज्या शेतकऱ्यानें परसांत गोबरगॅसचा खड्डा बांधला आहे त्यास उत्तर सांगावयास नको. हवा न लागतां शेण कुजलें कीं त्यांतून जो जळणारा वायु निघतो त्याचा निम्म्याहून अधिक भाग मिथेन असतो. भाताच्या तुंबलेल्या खाचरांतील चिखलांतही हेंच घडतें. मोठ्या धरणाचा तळ म्हणजे झांकण नसलेला गोबरगॅसचा खड्डाच होय.

उष्ण कटिबंधांत ही क्रिया विशेष जोरानें चालते, आणि त्याचें कारण केवळ ऊन हें नव्हे. थंड देशांत हिवाळा जवळ आला कीं सरोवराचें वरचें पाणी गार व जड होऊन तळाशीं जातें व तळचें वर येतें. त्यायोगें प्राणवायु खालपर्यंत पोहोंचतो. उष्ण देशांतील खोल जलाशयांत वरचा थर ऊबदार व हलका, खालचा गार व जड, असे थर महिनोन्महिने एकमेकांत न मिसळतां राहतात. तळाच्या थरांतील प्राणवायु कुजण्याच्या कामीं खर्चून संपतो. मग ज्या सूक्ष्म जंतूंस प्राणवायु नकोसा असतो तेच तेथें राज्य करूं लागतात, आणि मिथेन निर्माण होतो.

हा मिथेन बाहेर येण्याच्या वाटा तीन. उथळ जागीं तो बुडबुड्यांनीं वर येतो. सर्व पृष्ठभागावरून तो हळूहळू हवेंत मिसळतो. मात्र या वाटेनें वर येतांना त्याचा बराच भाग प्राणवायु असलेल्या थरांत दुसऱ्या जंतूंकडून खाल्ला जातो. तिसरी वाट टर्बाइनची, आणि सगळा वाद तिच्यामुळें झाला. टर्बाइनकडे जाणारें पाणी बहुधा खोलांतून घेतलेलें असतें. तेथें दाब मोठा असल्यानें पाण्यांत वायु पुष्कळ विरघळलेला असतो. तें पाणी भिंतीच्या पलीकडे मोकळ्या हवेंत आलें कीं दाब एकदम उतरतो. सोड्याच्या बाटलींतील गोटी आंत ढकलतांच काय होतें, तें आमच्या पिढींतल्या कोणासही आठवत असेल.

ब्राझील देशांत मनाउस शहराच्या उत्तरेस वातुमां नदीवर बाल्बिना नांवाचें धरण आहे. १९८७ सालीं त्यांत पाणी भरण्यास आरंभ झाला. जमीन सपाट, त्यामुळें पाणी पसरलें किती, तर सुमारें २,३६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबानें ५ लक्ष ८० हजार एकरांहून अधिक. अरण्य बहुतेक न तोडतांच बुडविलें. मेलेल्या झाडांचे सांगाडे पाण्यांत उभे राहिले. वाइमिरी-अत्रोआरी या आदिवासींची भूमि त्याखालीं गेली. एवढें करून यंत्रांची ताकद २५० मेगावॉट, आणि प्रत्यक्षांत सरासरीनें मिळणारी वीज त्याच्या निम्म्याहूनही कमी. केमेनेस, फोर्सबर्ग व मेलॅक या तिघां संशोधकांनीं तेथें भिंतीच्या वरचें आणि खालचें, दोन्हीं पाणी मोजलें व २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत भिंतीच्या खालीं निघणारा मिथेन जलाशयाच्या साऱ्या पृष्ठभागावरून निघणाऱ्या मिथेनपेक्षां कमी नव्हता, किंबहुना थोडा अधिकच होता. ज्यानें केवळ जलाशयावर होडी फिरवून हिशेब केला, त्याचा निम्मा माल हिशेबाबाहेर राहिला असता!

आतां हा हिशेब करावा कसा? एवढ्या विस्तीर्ण पाण्यावर प्रत्येक ठिकाणीं, प्रत्येक दिवशीं माप लावणें अशक्य. बुडबुडे धरण्यासाठीं पाण्यांत उलटें नरसाळें बुडवून ठेवतात. पृष्ठभागावरील वायूसाठीं तरंगती पेटी पालथी घालतात. अशीं कांहीं ठिकाणीं मापें घ्यावयाचीं आणि त्यांवरून सर्व जलाशयाचें, सर्व वर्षाचें व पुढील शंभर वर्षांचें अनुमान गणितानें काढावयाचें. या गणितासच शास्त्रज्ञ मॉडेल म्हणतात. महसूल खात्यांतील मनुष्यास हा प्रकार परका नाहीं. आमची आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी, ती हीच. कांहीं शेतांत लहान चौकोन आंखून पीक कापावयाचें, वजन करावयाचें, आणि त्यावरून साऱ्या गांवाचें पीक ठरवावयाचें.

एके वर्षीं एका गांवीं पीक-कापणीसाठीं निवडलेल्या शेतांपैकीं दोन शेतें ओढ्याकांठचीं निघालीं. पैसेवारी ५० पैशांच्या वर गेली, आणि माळावरचीं पिकें करपून गेलेलीं असतांही गांवास सूट मिळाली नाहीं. तो कागद मींच सुवाच्य अक्षरांत लिहिला होता. बेरीज बिनचूक होती. पुढें माळावरचा एक वृद्ध शेतकरी कचेरींत येऊन मला म्हणाला, "भाऊसाहेब, माझ्या रानांत येऊन कापलं असतं तर?" त्यास देण्यासारखें उत्तर मजपाशीं नव्हतें. मॉडेलविषयीं कांहीं वाचूं लागलों कीं मला तो म्हातारा आठवतो.

नमुना कोणत्या वर्षीं घेतला याचेंही महत्त्व तितकेंच आहे. दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियाना येथें सिनामारी नदीवरील पेती-सो धरण १९९४ सालीं भरूं लागलें, आणि पुढें १० वर्षें त्याची मोजणी झाली. उष्ण कटिबंधांतील धरणांवर इतका दीर्घकाळ ठेवलेला जमाखर्च दुर्मिळ. पाण्याखालीं वनस्पति व माती मिळून सुमारें १ कोटि टन कार्बन गेला होता. पहिल्या ३ वर्षांत दर वर्षीं ३ लक्ष ७० हजार टन कार्बन हवेंत गेला; २००० सालापासून तें प्रमाण वर्षास १ लक्ष २० हजार टनांवर आलें. त्यांत मिथेनच्या रूपानें जाणारा कार्बन ७० हजार टनांवरून १६ हजारांवर उतरला. दहा वर्षांत एकंदर ठेव्याच्या सुमारें २२ टक्के भाग गेला, म्हणजे गेलेल्यापैकीं निम्मा पहिल्या तीन वर्षांतच. कारण उघड आहे: पानें व पाचोळा लौकर कुजतो, खोडें मागें राहतात. दुसऱ्या वर्षाचें माप घेऊन त्यास शंभरानें गुणलें तर आंकडा भलताच फुगेल. दहाव्या वर्षाचें घेतलें तर पहिलीं वर्षें गडप होतील. म्हणून चांगल्या मॉडेलांत धरणाचें वय, उथळ भागाचें क्षेत्र, तपमान, पाणी जलाशयांत किती दिवस राहतें, आणि टर्बाइनचें तोंड किती खोल आहे, इतक्या बाबी तरी धराव्या लागतात. पेती-सो येथें बुडबुडे १० मीटरांहून उथळ जागींच आढळले. तेथील आणखी एक गोष्ट मौजेची आहे. खालच्या नदींत प्राणवायु मिळावा म्हणून धरणाखालीं पाणी उसळवणारा एक बंधारा बांधला होता. १९९५ पासून मिथेनच्या एकूण निर्गमनापैकीं ७० टक्क्यांपर्यंत भाग त्या बंधाऱ्यापाशींच हवेंत जाऊं लागला.

मनाउस येथील अमेझॉन संशोधन संस्थेंतील फिलिप फर्नसाइड यांनीं टर्बाइनची व सांडव्याची वाट धरून तुकुरुई या प्रचंड धरणाचा हिशेब केला, आणि २००२ सालीं असें मांडलें कीं १९९० या एका वर्षांत त्या धरणानें केलेली हानि साओ पावलो शहरांत जळणाऱ्या सर्व खनिज इंधनाच्या हानीहून अधिक होती. रिओ येथील लुइझ पिंगेली रोझा व त्यांचे सहकारी यांनीं स्वतः अनेक जलाशयांच्या पृष्ठभागावर मोजणी केली होती. त्यांस हा आंकडा मान्य झाला नाहीं. २००४ सालीं एकाच नियतकालिकांतून दोन्ही पक्षांच्या लेखांची झुंज झाली. माझ्या अल्प मतीप्रमाणें, भिंतीखालची वाट वगळणें चूक, हें फर्नसाइड यांचें म्हणणें बाल्बिना व पेती-सो येथील मापांनीं खरें ठरविलें. पण एका धरणाचें प्रमाण दुसऱ्यास लावतांना जपावें, ही प्रतिपक्षाची शंकाही रास्त होती. ओढ्याकांठच्या शेतानें माळाचें पीक ठरवूं नये.

दोन वजनांचा घोळ येथें सांगून टाकतों. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षां उष्णता फार धरतो, परंतु हवेंत सुमारें बारा वर्षेंच टिकतो. शंभर वर्षांच्या मुदतीनें पाहिलें तर एक टन मिथेन म्हणजे सुमारें २७ टन कार्बन डायऑक्साइड. वीस वर्षांच्या मुदतीनें सुमारें ८० टन. मुदत कोणती धरावयाची हें ठरविणाऱ्याच्या हातीं धरणाचा गुन्हा लहान वा मोठा करणें असतें. सावकाराच्या व्याजाचा दर जाणणाऱ्या शेतकऱ्यास हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

या हिशेबावर पैसा अवलंबून असतो, हें विसरतां कामा नये. क्योटो करारान्वयें स्वच्छ प्रकल्पांस कार्बनचीं प्रमाणपत्रें विकतां येत. २००६ सालीं त्या व्यवस्थेच्या मंडळानें मोठ्या मॉडेलची कटकट टाळून एक ठोक नियम केला: यंत्रांची ताकद भागिले पाण्याचा विस्तार. चौरस मीटरास ४ वॉटपर्यंत आलें तर प्रकल्प अपात्र. ४ ते १० आलें तर युनिटमागें ९० ग्रॅम वजावट. १० च्या वर तर हानि शून्य मानावी. या फूटपट्टीनें बाल्बिना ०.१ वर येतें. आपल्या कोयनेचें पाणी सुमारें ११५ चौरस किलोमीटर व ताकद १,९६० मेगावॉट, म्हणजे १७ वॉट. खोल दरी, आणि सह्याद्रीवरून पश्चिमेस पडणारें पाणी, यांचा हा गुण आहे. तेव्हां परदेशच्या वृत्तांवरून कोयनेस बाल्बिनाच्या पंक्तीस बसविणें अन्यायाचें होईल. तथापि ठोक नियम म्हणजे नजर-अंदाज. पाण्यांत उलटें नरसाळें कोणी बुडविलें, असा त्याचा अर्थ नव्हे.

शेतकऱ्यांनीं ज्या बाबीकडे विशेष लक्ष द्यावें ती पुढेंच आहे. २०१६ सालीं ब्रिजेट डीमर व इतर संशोधकांनीं जगभरच्या जलाशयांचीं मापें एकत्र केलीं. त्यांत असें दिसलें कीं ज्या पाण्यांत शेवाळ अधिक माजतें, त्यांतून मिथेनही अधिक निघतो. शेवाळ माजतें नत्र व स्फुरद यांवर. आणि तीं येतात शहरांच्या सांडपाण्यांतून व आपल्या शेतांतून वाहून गेलेल्या खतांतून. पुढील वर्षीं, युनेस्कोच्या सहभागानें, जी-रेस नांवाचें एक मॉडेल धरणवाल्यांच्या उपयोगासाठीं तयार झालें. त्यांत धरणापूर्वीं त्या जमिनींतून जो वायु निघत असे तो वजा करतात. हें न्याय्यच आहे. दलदल बुडाली तर तिचा जुना मिथेन नव्या खात्यांत कां धरावा? परंतु दुसरीही एक वजावट आहे. वरच्या अंगाच्या वस्तीमुळें व शेतीमुळें आलेल्या स्फुरदापायीं जो अधिक मिथेन निघतो, तोही धरणाच्या खात्यांतून काढून टाकतात.

कारकुनाच्या दृष्टीनें पाहतां, एका खात्यांतून नांवें टाकलेली रक्कम दुसऱ्या कोणत्या तरी खात्यांत जमा धरावीच लागते. ती उद्यां कोणाच्या खात्यांत धरतील? ज्याची जमीन पाण्याखालीं गेली, जो वर सरकून मुरमाड रानांत खत घालून पोट भरूं लागला, त्याच्याच? धरण नसतें तर तो स्फुरद वाहत्या नदीनें पुढें गेला असता. साचलेल्या पाण्यामुळें त्याचें शेवाळ झालें व शेवाळाचा मिथेन झाला. मूळ कारण दोघांचें आहे. म्हणून एखाद्या धरणाचा असा ताळेबंद तुमच्या गांवांत वाचला जाईल, तेव्हां नमुने कोठें, कोणत्या महिन्यांत, धरणाच्या कितव्या वर्षीं घेतले, भिंतीखालचें पाणी मोजलें कीं नाहीं, आणि वजावट कोणत्या सदराखालीं केली, हें विचारून घ्यावें. जाहीर वाचनाच्या वेळीं हरकत न घेणाऱ्याची तक्रार मागाहून कोणी ऐकत नाहीं, हें मीं टेबलाच्या दुसऱ्या बाजूनें पुष्कळ पाहिलें आहे.

गाळपेर करणाऱ्या बंधूंस एक सूचना. कांठच्या पट्ट्यांत दर वर्षीं उगवणारें गवत हवेंतून कार्बन डायऑक्साइड घेतें आणि पाण्याखालीं कुजून त्याचा कांहीं भाग मिथेन करून परत देतें. अरण्याचा ठेवा कधीं तरी संपतो. हा मात्र वर्षास नवा होतो. यास्तव पाणी चढण्यापूर्वीं ताटें, वेल व गवत कापून वर आणावें. ओलें गुरांस घालावें, वाळलेलें गंजीस लावावें, आणि जें गुरें खाणार नाहींत तें कंपोस्टच्या खड्ड्यांत टाकून मधून मधून खालींवर करीत जावें, म्हणजे त्यास हवा लागेल. एका माणसाचें चार-पांच दिवसांचें काम आहे, आणि ज्येष्ठांत चाऱ्याची टंचाई असतेच.